ऑफसाइड आणि व्हीएआर: वाद घालण्यापूर्वी निर्णय कसा तपासावा

फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या प्रेक्षकाला सर्वांत आधी अडतो तो ऑफसाइडचा नियम. तो थोडाफार समजू लागतो न लागतो, तोच व्हिडिओ सहायक पंच, म्हणजे व्हीएआर, पडद्यावर रेषा आखून झालेला गोल रद्द करतो आणि समजलेले पुन्हा विस्कटते. मग घरात, मित्रांमध्ये किंवा मैदानाच्या कठड्यावर वाद सुरू होतो. हा वाद बहुतेक वेळा फुकट जातो, कारण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. खेळाडू कोठे होता हा पहिला प्रश्न, आणि तो मोजमापाचा आहे. तेथे असून त्याने खेळात काय केले हा दुसरा प्रश्न समजुतीचा, म्हणजे पंचाच्या निवाड्याचा आहे. नियमच असा असावा का हा तिसरा प्रश्न धोरणाचा आहे. पहिल्या प्रश्नाला तिसऱ्याचे उत्तर देणारा माणूस कितीही मोठ्याने बोलला तरी समोरच्याला पटवू शकत नाही. म्हणून हे प्रश्न वेगळे करून, ज्या क्रमाने पंच विचार करतो त्याच क्रमाने निर्णय कसा तपासावा, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

पहिली पायरी: जागा तपासा

ऑफसाइडचा नियम फुटबॉलच्या नियमावलीत अकराव्या क्रमांकावर आहे. त्याचा पहिला भाग फक्त जागेविषयी बोलतो. आक्रमण करणाऱ्या खेळाडूच्या डोक्याचा, धडाचा किंवा पायाचा कोणताही भाग प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि तो भाग चेंडूपेक्षा तसेच प्रतिस्पर्धी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो खेळाडू ऑफसाइडच्या जागी आहे असे मानले जाते. या वाक्यातील प्रत्येक अट पूर्ण व्हावी लागते. आपल्याच अर्ध्या मैदानात उभा असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो, आणि मध्यरेषा ही या कामापुरती प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात धरली जात नाही. चेंडूच्या मागे असलेला खेळाडूही ऑफसाइड नसतो, मग त्याच्यापुढे एकही बचावपटू नसला तरी चालते. म्हणूनच गोलरेषेपर्यंत धावत जाऊन मागे दिलेला पास इतका घातक ठरतो.

हात आणि बाहू या मोजणीत येत नाहीत, आणि ही सूट गोलरक्षकासह सर्वांना लागू आहे. बाहू कोठून सुरू होतो याचेही उत्तर नियमात दिलेले आहे: बगलेच्या खालच्या टोकाच्या पातळीपर्यंतचा वरचा भाग खांदा मानावा आणि त्याखालचा भाग बाहू. पडद्यावरची रेषा कधी बुटाच्या टोकापासून, कधी गुडघ्यापासून, तर कधी खांद्यापासून का निघते, याचे कारण हेच आहे. ज्या अवयवाने गोल करणे नियमात बसते तोच अवयव मोजला जातो.

बचावपटूच्या अगदी बरोबरीत असलेला खेळाडू आज ऑफसाइड नसतो. ही सवलत १९९० साली आली. त्यापूर्वी बरोबरीत असणे हे ऑफसाइडच होते. थोडे आणखी मागे गेलो तर १८६३ च्या इंग्लिश नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू खेळाबाहेर मानला जात असे. १८६६ मध्ये गोलरेषेकडे तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल अशी मुभा मिळाली, १९०७ मध्ये आपल्या अर्ध्या मैदानातील खेळाडूला सूट मिळाली, आणि १९२५ मध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी पुरे झाले. या शेवटच्या बदलामागे न्यूकॅसलचा बचावपटू बिल मॅक्क्रॅकन याच्यासारख्यांनी पक्की बसवलेली ऑफसाइडची सापळारचना होती, म्हणजे बचावपटूंनी पुढे सरकून आक्रमकाला ऑफसाइडमध्ये पकडण्याची युक्ती. तिच्यामुळे खेळ मध्यरेषेभोवती कोंडला जात होता. बदलानंतरच्या पहिल्याच हंगामात इंग्लिश फुटबॉल लीगमधील एकूण गोल ४,७०० वरून ६,३७३ वर गेले. नव्या प्रेक्षकाने ही आकडेवारी लक्षात ठेवावी, कारण नियम अनादी आहे आणि व्हीएआरने तो बिघडवला, हे विधान वादात हमखास येते. हा नियम खेळ कसा दिसावा यासाठी वेळोवेळी ठरवून बदलला गेला आहे.

जागा तपासताना तीन अपवाद विसरू नयेत. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांतून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइडचा प्रश्नच उद्भवत नाही. थ्रो-इनवर झालेल्या गोलाला ऑफसाइड म्हणणारे प्रेक्षक आजही प्रत्येक मैदानावर भेटतात.

दुसरी पायरी: शेवटून दुसरा कोण, ते मोजा

पुष्कळ जण "शेवटचा बचावपटू" असे म्हणतात आणि गोलरक्षक मागे उभा आहे हे गृहीत धरतात. साधारणपणे ते खरेही असते, पण नियमात गोलरक्षकाचा उल्लेख नाही. त्यात शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी एवढेच आहे. गोलरक्षक पुढे आला की हिशेब बदलतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे २० नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला कतार आणि इक्वेडोर यांच्यातील विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना. तिसऱ्याच मिनिटाला एन्नर व्हॅलेन्सियाने हेडरने चेंडू जाळ्यात घातला, जल्लोष झाला, आणि मग गोल रद्द झाला. जगभरच्या प्रेक्षकांना काही कळेना, कारण एक बचावपटू तर गोलच्या अगदी जवळ उभा दिसत होता. घडले असे होते की उंच आलेल्या फ्री किकवर कतारचा गोलरक्षक जागा सोडून पुढे झेपावला होता. त्यामुळे गोलजवळचा बचावपटू हा शेवटचा ठरला आणि शेवटून दुसरा खेळाडू त्याच्या बराच पुढे होता. इक्वेडोरच्या मायकल एस्त्रादाचा पाय, सहकाऱ्याच्या डोक्याला चेंडू लागला त्या क्षणी, या दुसऱ्या खेळाडूच्या पलीकडे होता. त्यानंतर चेंडू आणखी एकदा फिरून व्हॅलेन्सियापर्यंत गेला, तरी दोष त्या आधीच्या क्षणी घडून गेला होता. ज्याने गोल केला तोच ऑफसाइड असला पाहिजे असे नाही, हाही धडा याच प्रसंगातून मिळतो.

मैदानाबाहेर पडलेल्या बचावपटूचे काय? ९ जून २००८ रोजी युरो स्पर्धेत नेदरलँड्सच्या रुड व्हॅन निस्टलरॉयने इटलीविरुद्ध केलेला गोल पाहिल्यावर समालोचकांनीही पंचांना दोष दिला होता. इटलीचा ख्रिस्तियन पानुची आपल्याच गोलरक्षकाशी टक्कर होऊन गोलरेषेच्या मागे आडवा पडला होता. नियमाप्रमाणे असा बचावपटू ऑफसाइडच्या हिशेबात गोलरेषेवरच उभा आहे असे धरले जाते, नाहीतर बचावपटूंनी पाऊलभर बाहेर सरकून आक्रमकाला फसवणे फार सोपे झाले असते. स्वीडनचे पंच पेटर फ्रॉइडफेल्ट यांनी दिलेला गोल अचूक होता. त्यांनी तो निर्णय कोणत्याही व्हिडिओच्या मदतीशिवाय, धावत्या खेळात दिला होता, याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

तिसरी पायरी: क्षण ठरवा

खेळाडूची जागा पाहायची ती सहकाऱ्याने चेंडूला स्पर्श केला त्या क्षणाची. चेंडू मिळाला त्या क्षणाची नव्हे. पास निघाला तेव्हा मागे असलेला खेळाडू चेंडू मिळेपर्यंत सहज चारपाच मीटर पुढे गेलेला असतो, आणि नवख्या डोळ्याला तो ऑफसाइडच वाटतो. घरी सराव करायचा असेल तर रिप्लेमध्ये आघाडीच्या खेळाडूकडे पाहण्याचा मोह टाळावा, पास देणाऱ्याच्या पायाकडे पाहावे, पाय चेंडूला लागताच चित्र थांबवावे आणि मगच नजर पुढे न्यावी. ही एवढी सवय लागली तरी निम्मे वाद मिटतात.

"स्पर्शाचा क्षण" हा शब्दप्रयोग साधा वाटतो, पण बूट आणि चेंडू काही काळ एकमेकांना चिकटलेले असतात. नियमानुसार त्यातील पहिल्या स्पर्शाचा क्षण धरायचा असतो. येथे तंत्रज्ञानाची खरी मर्यादा सुरू होते. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाचे अंतर असते. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा आक्रमक तेवढ्या वेळात १६ सेंटीमीटर पुढे जातो. बचावपटू त्याच वेळी सेकंदाला ४ मीटर वेगाने उलट दिशेने बाहेर येत असेल, तर दोघांमधील अंतर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना २४ सेंटीमीटरने बदलते. पहिला स्पर्श नेमका या दोन चित्रांच्या मध्ये झाला असेल तर कोणते चित्र निवडावे, हे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ठरवावे लागते. मग त्याने काढलेली रेषा मिलिमीटरपर्यंत बारीक असली तरी तिच्याखालचा आधार तेवढा बारीक नसतो. "व्हीएआरमध्ये बुटाच्या टोकाने ऑफसाइड" या निर्णयांवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो भावनेने न घेता या गणिताने घ्यावा.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या हंगामापासून रेषा जाड केल्या आणि आक्रमक व बचावपटू यांच्या रेषा एकमेकींना भिडत असतील तर आक्रमकाला झुकते माप देण्यास सुरुवात केली, त्यामागे हीच मर्यादा होती.

चौथी पायरी: जागेवरून दोषाकडे जा

ऑफसाइडच्या जागी असणे हा गुन्हा नाही. नियमावली हे पहिल्याच वाक्यात सांगते, आणि तरीही हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. त्या जागी असलेल्या खेळाडूने खेळात सक्रिय सहभाग घेतला तरच दोष ठरतो. सहभागाचे तीन प्रकार आहेत. सहकाऱ्याने दिलेला चेंडू खेळणे किंवा त्याला स्पर्श करणे हा पहिला आणि सोपा प्रकार आहे. खांबाला, पंचाला किंवा प्रतिस्पर्ध्याला लागून उसळलेला, अथवा प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम अडवून वाचवलेला चेंडू मिळवून फायदा घेणे हा दुसरा. प्रतिस्पर्ध्याच्या खेळात अडथळा आणणे हा तिसरा प्रकार, आणि खरी गुंतागुंत तेथे आहे. गोलरक्षकाची दृष्टी अडवणे, चेंडूसाठी त्याच्याशी झुंजणे, जवळ आलेला चेंडू खेळण्याचा उघड प्रयत्न करून प्रतिस्पर्ध्यावर परिणाम घडवणे, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू खेळण्याच्या क्षमतेवर स्पष्ट परिणाम करणारी ठळक कृती करणे, हे सारे त्यात येते.

१४ जानेवारी २०२३ चा मँचेस्टरच्या दोन संघांमधला सामना या प्रकाराचा अभ्यास करण्यासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. मँचेस्टर सिटी एका गोलने पुढे होती. युनायटेडच्या कासेमिरोने पुढे टाकलेल्या पासवर मार्कस रॅशफोर्ड स्पष्टपणे ऑफसाइडच्या जागी होता. तो चेंडूमागे धावला, चेंडू काही अंतर त्याच्या पायापुढेच राहिला, पण त्याने त्याला स्पर्श केला नाही. मागून, ऑफसाइड नसलेल्या जागेवरून आलेल्या ब्रुनो फर्नांडिसने चेंडू मारला आणि गोल झाला. सहायक पंचाने निशाण उंचावले होते, तरी मुख्य पंचाने चर्चेनंतर गोल दिला आणि व्हीएआरने तो बदलला नाही. युनायटेडने सामना २-१ असा जिंकला.

या निर्णयाचे समर्थन असे करता येते की स्पर्श झाला नाही, रॅशफोर्डने कोणाचा मार्ग अडवला नाही आणि बचावपटू चेंडूपासून दूर होते. विरोध असा करता येतो की चेंडूच्या बरोबर धावणारा, मारण्याच्या पवित्र्यात आलेला खेळाडू पाहून बचावपटूने आपली धाव बदलली आणि गोलरक्षकाने आपली जागा त्याच्याकडे पाहून ठरवली, म्हणजे ठळक कृती आणि स्पष्ट परिणाम या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. मला दुसरी बाजू अधिक बळकट वाटते. नियमातील शब्द प्रतिस्पर्ध्याच्या क्षमतेवर झालेल्या परिणामाविषयी आहेत, आणि गोलरक्षकासाठी चेंडू कोण मारणार हेच सर्वांत मोठे प्रश्नचिन्ह असते. परंतु कोणतीही बाजू घेतली तरी येथे रेषा आखून उत्तर मिळत नाही, हे मान्य करावे लागते. जो या गोलाबद्दल "मशिनने चूक केली" असे म्हणतो, त्याने दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर दिलेले असते.

याच पायरीवर आणखी एक गाठ सोडवावी लागते. बचावपटूने चेंडू "मुद्दाम खेळला" असेल तर ऑफसाइड पुसला जातो. चेंडू त्याला नुसता लागून वळला असेल तर पुसला जात नाही. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलानमधील सॅन सिरो मैदानावर नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा किलियन एम्बापे पास निघताना ऑफसाइडच्या जागी होता, पण स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत जाऊन चेंडू अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या बुटाचा ओझरता स्पर्श झाला. तो मुद्दाम खेळलेला चेंडू मानला गेला, एम्बापेचा गोल ग्राह्य ठरला आणि फ्रान्स २-१ असा विजेता झाला. प्राणपणाने केलेल्या प्रयत्नाची शिक्षा बचावपटूलाच मिळावी, ही गोष्ट अनेकांना खटकली आणि त्यांचे खटकणे योग्य होते. जुलै २०२२ मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने खुलासा केला. चेंडू पुरेशा अंतरावरून आला का, तो स्पष्ट दिसत होता का, वेग आणि दिशा अपेक्षित होती का, शरीर सावरायला वेळ होता का, चेंडू जमिनीवर होता की हवेत, हे पाहून बचावपटूचे चेंडूवर नियंत्रण शक्य होते की नाही ते ठरवावे, असे आता पंचांना सांगितले जाते. २०२२ पूर्वीचे जुने सामने दाखवून आजच्या निर्णयावर वाद घालणाऱ्याला ही तारीख आवर्जून सांगावी.

पाचवी पायरी: व्हीएआरला काय करता येते ते ओळखा

व्हीएआरचा नियमावलीत समावेश मार्च २०१८ मध्ये झाला, त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात तो वापरला गेला आणि २०१९-२० पासून प्रीमियर लीगमध्ये आला. मूळ आराखड्यानुसार तो चारच गोष्टींत हस्तक्षेप करतो: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेली शिक्षा. मैदानाच्या मध्यावर दिलेला ऑफसाइड, ज्यातून गोल झाला नाही, तो त्याच्या कक्षेत येत नाही. गोल झाला तर मात्र त्या आक्रमणाच्या सुरुवातीपर्यंत मागे जाऊन ऑफसाइड तपासता येतो.

"स्पष्ट आणि उघड चूक" असेल तरच व्हीएआरने बोलावे, हे सूत्र आपण समालोचनात सतत ऐकतो. ऑफसाइडच्या जागेला मात्र ते लागू होत नाही. जागा ही वस्तुस्थिती आहे, म्हणून ती एका सेंटीमीटरने चुकली तरी निर्णय बदलतो. अडथळा आणला की नाही हा निवाडा आहे, म्हणून तेथे हे सूत्र लागू होते आणि पंचाला मैदानालगतच्या पडद्यावर बोलावले जाऊ शकते. "इतक्या थोडक्यात असेल तर उघड चूक कशी?" हा वादातील सर्वांत लोकप्रिय मुद्दा या एका भेदामुळे गळून पडतो. नियम असा नसावा असे म्हणता येईल, पण मग आपण तिसऱ्या प्रश्नावर आलेलो असतो.

व्हीएआर असल्यामुळे सहायक पंचाचे कामही बदलले. गोलची संधी दिसत असेल तर तो निशाण लगेच उंचावत नाही. आक्रमण पूर्ण होऊ देतो, कारण चुकून थांबवलेला खेळ परत जोडता येत नाही आणि चुकून चालू दिलेला खेळ मागे जाऊन तपासता येतो. तर्क बिनचूक आहे, पण त्याची किंमत खेळाडूंच्या शरीराला मोजावी लागू शकते. ११ मे २०२५ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी अशाच उशिरा निशाण दिलेल्या आक्रमणात गोलच्या खांबावर आदळला, त्याच्या पोटाला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आक्रमणाच्या सुरुवातीला त्याचा सहकारी ऑफसाइड असल्याचे उघड दिसत होते. ऑफसाइड कोणाही प्रेक्षकाला साध्या डोळ्यांनी दिसतो तेथे निशाण लगेच दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

यंत्र बरोबर आणि माणूस चुकला, असेही घडते. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझने केलेला गोल मैदानावर ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआर कक्षाने चित्र पाहिले, दियाझ ऑफसाइड नाही हे त्यांना दिसले, पण मैदानावरचा मूळ निर्णय "गोल" असा आहे या समजुतीने त्यांनी "तपासणी पूर्ण" असे कळवले. पंचाने खेळ सुरू केला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, परंतु खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाण्याची परवानगी नियमावली देत नाही. टॉटनहॅमने सामना २-१ असा जिंकला, आणि पंच संघटनेने ही मानवी चूक असल्याचे मान्य करून कक्षातील संभाषणाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. ते ऐकण्यासारखे आहे. मोजमाप, निवाडा आणि संवाद या तीन कड्यांपैकी तिसरी तुटली तर पहिल्या दोन कितीही मजबूत असून उपयोग होत नाही, हे त्यातून कळते.

सहावी पायरी: कोणती यंत्रणा वापरली, ते विचारा

सगळ्या स्पर्धांतील व्हीएआर एकसारखा नसतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात अर्ध-स्वयंचलित यंत्रणा वापरली गेली. छताखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा नोंदवत होते, आणि चेंडूच्या आत बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. संवेदकाचे महत्त्व तिसऱ्या पायरीवरच्या गणिताशी जोडून पाहावे: स्पर्शाचा क्षण ०.०२ ऐवजी ०.००२ सेकंदाच्या अचूकतेने कळतो, आणि १६ सेंटीमीटरचे अंतर दीड सेंटीमीटरच्या आसपास येते. "अर्ध" हा शब्द यासाठी की अंतिम खातरजमा माणूसच करतो. प्रीमियर लीगने अर्ध-स्वयंचलित यंत्रणा एप्रिल २०२५ मध्ये आणली, पण ती चेंडूतील संवेदकावर चालत नाही. स्पर्शाचा क्षण तेथे कॅमेऱ्यांवरूनच ठरतो. म्हणून विश्वचषकातील निर्णयाचा दाखला देऊन लीगमधील निर्णयावर बोलताना सावध राहावे.

२९ जून २०२४ रोजी युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनचा गोल रद्द झाला, कारण थॉमस डिलेनीच्या बुटाचे टोक पुढे होते. चेंडूत संवेदक होता, चित्र स्पष्ट होते, आणि पहिल्या प्रश्नापुरते उत्तर निर्विवाद होते. तरीही सामना पाहणाऱ्या कित्येकांना अन्याय झाल्यासारखे वाटले. ते वाटणे खरे आहे, पण त्याचा पत्ता यंत्रणेच्या दारात नाही. इतक्या सूक्ष्म फरकाने आक्रमकाला कोणता फायदा मिळाला, आणि गोलजवळ आधीच जाऊन चेंडूची वाट पाहण्याच्या ज्या लबाडीला रोखण्यासाठी ऑफसाइडचा नियम मुळात आला, ती येथे होती का, हा त्यामागचा प्रश्न आहे.

सातवी पायरी: आता नियमावर बोला

आधीच्या पायऱ्या पार केल्यावरच या वादाला धार येते. नियम बदलण्याचा अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळाकडे आहे. त्यात चार ब्रिटिश संघटनांची प्रत्येकी एक आणि फिफाची चार अशी आठ मते असतात, आणि बदलासाठी सहा मते लागतात. म्हणजे फिफा एकटी काही करू शकत नाही आणि तिच्याविनाही काही होत नाही.

सध्याचा सर्वांत चर्चेतला प्रस्ताव आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचा आहे. आक्रमकाच्या शरीराचा गोल करू शकणारा एक जरी भाग शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीत असेल, तर तो ऑफसाइड नाही असे मानावे, असे ते सुचवतात. आक्रमकाला मोठी सवलत मिळेल आणि १९२५ प्रमाणे खेळ मोकळा होईल, ही त्याची जमेची बाजू. मला दोन शंका वाटतात. रेषा कोठेही नेली तरी तिच्या काठावर सेंटीमीटरचे वाद राहणारच; आज बुटाच्या टोकावर भांडतो ते उद्या टाचेवर भांडू. शिवाय वेगवान आक्रमकाला शरीरभर आघाडी मिळाल्यावर बचावफळ्या पुढे सरकण्याचे धाडस सोडून आपल्याच गोलसमोर गर्दी करतील, ही भीती निराधार नाही. त्यापेक्षा ठरावीक सेंटीमीटरची जाहीर सवलत सर्व स्पर्धांत सारखी ठेवणे, आणि तिच्या आत मैदानावरचाच निर्णय कायम ठेवणे, मला अधिक प्रामाणिक वाटते. मोजण्यात जेवढी अनिश्चितता आहे तेवढी उघडपणे कबूल करावी.

व्हीएआरच नको, ही भूमिकाही गंभीरपणे घेण्यासारखी आहे. स्वीडनमध्ये क्लबांचे बहुमत सदस्य-चाहत्यांच्या हातात असते, आणि त्यांच्या विरोधामुळे तेथील सर्वोच्च लीगने व्हीएआर स्वीकारलेला नाही. इंग्लंडमध्ये जून २०२४ मध्ये वुल्व्हज क्लबने तो बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो १९ विरुद्ध १ मतांनी फेटाळला गेला. विरोधकांचा मुख्य मुद्दा अचूकतेचा नाही. गोल झाल्यावरचा आनंद मिनिटभर थांबवून ठेवावा लागतो, हा आहे. या आनंदासाठीच माणसे मैदानावर जातात, त्यामुळे हा मुद्दा हलका मानू नये.

दुसऱ्या बाजूला व्हीएआर नसण्याची किंमतही मांडली पाहिजे. २७ जून २०१० रोजी विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने सरळसरळ ऑफसाइड असताना गोल केला. मैदानातील मोठ्या पडद्यावर त्याचा रिप्ले दिसला, खेळाडूंनी पंचांना तो दाखवला, आणि तरीही पडद्यावर पाहून निर्णय बदलण्याची मुभा पंचांना नव्हती. भारतीय प्रेक्षकांना ११ जून २०२४ ची दोह्यातील रात्र आठवत असेल. विश्वचषक पात्रता फेरीत छांगतेच्या गोलमुळे भारत पुढे होता, आणि कतारने बरोबरी साधली ती गोलरेषा ओलांडून बाहेर गेलेला चेंडू परत ओढून. तो प्रसंग ऑफसाइडचा नव्हता, पण त्या सामन्यात व्हीएआर असता तर गोल टिकला नसता. भारत २-१ असा हरला आणि पुढच्या फेरीची वाट बंद झाली.

व्हीएआर नसलेल्या मैदानावर

महाराष्ट्रातील आणि गोव्यातील बहुतेक प्रेक्षक जो फुटबॉल प्रत्यक्ष जाऊन पाहतात, तो आजही निशाणावर चालतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा सामना असो, मुंबईच्या कूपरेजवर असो की गोव्यातील गावच्या मैदानावर, तेथे रेषा आखणारे कोणी नसते. अशा ठिकाणी आपण कोठे बसलो आहोत याला फार महत्त्व येते. मध्यरेषेजवळ बसून गोलकडे तिरके पाहिले तर आक्रमक आणि बचावपटू यांच्यातले अंतर खोटे दिसते. मैदानाच्या रुंदीत दोघे जितके दूर, तितका भास मोठा. सहायक पंच शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीने रेषेवर धावत असतो तो या भासापासून वाचण्यासाठी. म्हणून त्याच्या निर्णयावर ओरडण्यापूर्वी, तो त्या क्षणी त्या खेळाडूच्या सरळ रेषेत होता का, एवढे पाहावे. होता, तर त्याला आपल्यापेक्षा अधिक दिसले आहे असे धरून चालावे. मागे पडला होता, तर आक्षेपाला जागा आहे, आणि तो आक्षेप त्याच्या जागेविषयी घ्यावा.

शिकण्यासाठी एखादा पूर्ण सामना याच कामासाठी द्यावा. पेनल्टी क्षेत्राच्या साधारण सरळ रेषेत, शक्य तितक्या उंचावर बसावे आणि चेंडूचा मोह सोडून बचावफळी एकत्र कशी पुढे येते, कोण मागे राहतो, आघाडीचा खेळाडू पास निघेपर्यंत धाव कशी रोखून धरतो, हे पाहावे. प्रत्येक निशाणानंतर आधी जागा, मग क्षण, मग सहभाग या क्रमाने स्वतःचे उत्तर मनात ठरवावे आणि मगच शेजारच्याला विचारावे. ऑफसाइडच्या दोषाबद्दल प्रतिस्पर्ध्यांना मिळणारी अप्रत्यक्ष फ्री किक कोठून घेतली जाते याकडेही लक्ष ठेवावे. ती खेळाडू उभा होता तेथून घेतली जात नाही, त्याने दोष केला तेथून घेतली जाते. तो परत येऊन आपल्याच अर्ध्या मैदानात चेंडूला शिवला असेल तर तेथूनही. पंच नियमाच्या कोणत्या भागावर बोट ठेवतो आहे, हे त्या जागेवरून पुष्कळदा कळून येते.